उसाची तारीख वहीत, मग भेंडीची का नाही?



गट ऑफिसात उसाची नोंद द्यायला गेलो की चिटबॉय आपल्याला काय विचारतो? गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लावण तारीख. ही तारीख फार महत्त्वाची. ऊस आडसाली, पूर्वहंगामी की सुरू हे तिच्यावरून ठरते आणि तोडणीचा प्रोग्रामही तिच्यावरच लागतो. तारीख आठ दिवस मागे-पुढे लिहिली गेली तर आपण ऑफिसात जाऊन दुरुस्त करून घेतो, प्रसंगी भांडतोसुद्धा. आणि ते बरोबरच आहे.

पण त्याच उसाच्या शेजारी, विहिरीच्या कडेला, दहा गुंठे भेंडी असते. तिची पेरणी कोणत्या तारखेला झाली असे विचारले तर घरातल्या कुणालाच धड सांगता येत नाही. 'झाला की महिना-दीड महिना', एवढेच उत्तर मिळते. या लेखात सांगायचे आहे ते हेच, की भेंडीच्या पानावर येणाऱ्या सर्वांत घातक रोगाचे निम्मे उत्तर या न लिहिलेल्या तारखेत आहे.

भोकर भागातली एक गोष्ट

भोकर तालुक्यातल्या एका सभासदाच्या शेतावर आम्ही ऊस पाहायला गेलो होतो. ऊस चांगला होता. परत निघालो तर घरच्या काकूंनी हाक मारली, "दादा, उसाचं बघितलं, आता माझ्या भेंडीचं बी बघा की जरा."

पाहतो तर सगळा प्लॉट पिवळा. लांबून वाटावे, कुणी हळद शिंपडली आहे. शेंगा होत्या, पण बोटाएवढ्या, पांढरट आणि निबर.

"काकू, टोकली कधी होती?"

"नागपंचमी झाल्यावर. तारीख कोन लिहून ठेवतंय?"

"आणि पिवळी कधी दिसायला लागली?"

"पोळ्याला. बैलं धुयाला नेली तवा येक-दोन झाडं दिसली. गणपती बसले अन् समदं रान पिवळं झालं. तीन बार औषध मारलं, दादा. लई पैसा गेला. पर पिवळं ते पिवळंच."

मग त्या जे बोलल्या ते प्रत्येक ऊसवाल्या घराला लागू आहे. "उसाचं बिल येतं तवा येतं. ते सोसायटीत जातं, खतात जातं. पर मीठ-मिरची, पोरीची वही, दवाखाना हे तर दर आठवड्याला लागतंय. त्यो पैसा माझ्या भेंडीचा. बाजारात पाटी नेली की हातात नोट येती. औंदा पाटीच न्हाई."

भाजीचा तुकडा म्हणजे घरातल्या बाईच्या हातातला रोकडा. तो गेला तर कारखान्याच्या हिशेबात दिसत नाही, घरात मात्र लगेच दिसतो. म्हणून हा विषय भाजीचा असला तरी सभासदांच्या पत्रिकेत त्याला जागा असली पाहिजे.

आधी रोग ओळखा

या रोगाला आपल्याकडे हळद्या किंवा केवडा म्हणतात. इंग्रजी नाव यलो व्हेन मोझॅक, म्हणजे पिवळ्या शिरांचा रोग. हा बुरशीचा रोग नव्हे, विषाणूचा आहे. मुंबई इलाख्यात या रोगाची पहिली नोंद कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी १९२४ साली केली. १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर या शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू म्हणून अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे रोग नवा नाही, शंभर वर्षे आपल्या रानात आहे.

पण पिवळे दिसले की हळद्याच, असे समजू नका. पान हातात घेऊन उन्हाकडे धरा आणि पुढील चार गोष्टी तपासा.

एक, पानाच्या शिरा पिवळ्या आणि शिरांमधला भाग हिरवा असेल, जाळी विणल्यासारखे दिसत असेल, तर तो हळद्या. पुढे पुढे सगळे पानच पिवळे पडते.

दोन, याच्या उलट, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तोही नव्या कोवळ्या पानांवर, तर बहुधा लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या रानात हे नेहमी दिसते. उसातही आपण हे पाहतो.

तीन, पानाच्या फक्त कडा पिवळ्या पडून वर वळल्या असतील आणि पान हलवल्यावर खालून बारीक हिरवे किडे तिरपे चालत असतील, तर ते तुडतुडे.

चार, पाने अरुंद, बोटांसारखी लांबट आणि वेडीवाकडी झाली असतील, तर शेजारच्या उसात टू-फोर-डी मारले होते का ते आधी आठवा. भेंडी आणि कापूस एकाच कुळातले. या तणनाशकाचा नुसता वारा लागला तरी ही पिके वाकडी होतात. पुष्कळदा आपणच उसात फवारतो आणि भेंडीला रोग आला म्हणून दुसरे औषध आणायला दुकानात जातो.

विषाणू येतो कसा?

हळद्याचा विषाणू वाऱ्याने उडत येत नाही आणि विळ्याला लागून पसरत नाही. त्याला आणते पांढरी माशी. भेंडीचे पान उलटे करून पाहिले की खालच्या बाजूला तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पांढऱ्या पंखांची माशी दिसते. झाड हलवले की धुरळ्यासारखी उडते. रोगट झाडाचा रस तिने एकदा शोषला की तिच्या अंगात विषाणू जातो आणि पुढे ती जगेल तोवर निरोगी झाडांना तो देत राहते. देण्यासाठी तिला दिवसभर बसावे लागत नाही. थोडा वेळ रस शोषला तरी काम झाले.

काकूंची तीन फवारे मारूनही निराशा का झाली ते आता लक्षात येईल. औषधाने माशी मरते, पण मरण्याआधी ती आपले काम करून गेलेली असते. शेजारच्या रानातून पुन्हा नवी माशी येते. आणि विषाणू एकदा झाडात शिरला की त्याला बाहेर काढणारे औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही. शिवाय भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. फवारणी आणि तोडणी यांत जितके दिवस सोडायला सांगितलेले असतात तितके आपण सोडत नाही, आणि ते विष आपल्याच लेकरांच्या ताटात जाते.

माशी येते तेव्हा झाड किती दिवसांचे आहे?

पेरणीच्या तारखेचा खरा मुद्दा हा आहे. माशी कमी-जास्त प्रमाणात येणारच. प्रश्न एवढाच, की ती झुंडीने येते तेव्हा आपले झाड लहान आहे की मोठे?

बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील शास्त्री आणि सिंग यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. रोपावस्थेत लागण झालेल्या झाडांचे उत्पन्न जवळजवळ सगळेच गेले, तूट ९० टक्क्यांच्या वर. ५० दिवसांनी लागण झाली तर तूट सुमारे ८४ टक्के. ६५ दिवसांनी झाली तर सुमारे ४९ टक्के. पुढे पुढे नुकसान आणखी कमी होते, कारण तोवर बऱ्याच तोडण्या होऊन गेलेल्या असतात.

हे आकडे नीट वाचा. रोग तोच, विषाणू तोच, माशी तीच. फरक फक्त पंधरा दिवसांचा. त्या पंधरा दिवसांत तूट ८४ वरून ४९ वर येते. हे पंधरा दिवस औषधाने विकत घेता येत नाहीत, पण पेरणी वेळेवर केली तर फुकट मिळतात.

आपल्या भागात माशीचे वेळापत्रक

भोकर, मुदखेड, हिमायतनगर, किनवट हा पट्टा कापसाचा आणि सोयाबीनचा. पांढरी माशी कापसावर पोसते, शिवाय वांगी, टोमॅटो, मिरची, मूग यांवरही असते. पावसाची उघडीप पडली, ऊन-उबारा वाढला की तिची संख्या झपाट्याने वाढते. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे पुरतात. म्हणजे श्रावणात थोडी असलेली माशी भादव्यापर्यंत कितीतरी पट होते.

विषाणू मात्र कापसातून येत नाही. तो असतो बांधावरच्या रानभेंडीत आणि मागच्या हंगामातल्या, न उपटलेल्या जुन्या भेंडीत. कापूस माशी वाढवतो आणि जुनी भेंडी तिला विषाणू देते, असा हा दोघांचा भागीदारीचा धंदा आहे. नागपंचमीनंतर पेरलेली भेंडी महिन्याची पोर असते आणि नेमकी त्याच वेळी भोवतालच्या रानात माशीची जत्रा भरते. काकूंच्या प्लॉटचे हेच झाले.

आता दुसरी बाजू पाहा. संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी संपत येते, पऱ्हाटी उपटली जाते. रात्री थंड असतात, त्यामुळे माशीची वाढ मंदावलेली असते. या वेळी, म्हणजे १५ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, पेरलेली भेंडी सुरुवातीचे दिवस बऱ्यापैकी शांततेत काढते. मार्च-एप्रिलच्या उन्हात माशी पुन्हा वाढू लागते, तेव्हा झाड मोठे होऊन तोडणी सुरू झालेली असते. हीच पेरणी मार्चमध्ये ढकलली तर फायदा गेला, कारण रोप लहान आणि माशी वाढती, म्हणजे पुन्हा श्रावणाचाच प्रकार.

पेरणीच्या तारखा बदलून रोग मोजण्याचे प्रयोग देशात अनेक ठिकाणी झाले आहेत. आकडे जागेप्रमाणे बदलतात. पण पावसाळी पेरणीत हळद्या जास्त आणि लवकरच्या उन्हाळी पेरणीत कमी, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

इथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. कापूस डिसेंबरनंतरही पाणी देऊन फरदड म्हणून ठेवला तर हा शांततेचा काळ मोडतो. फरदडीमुळे गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो हे आपण ऐकतोच, पण पांढऱ्या माशीलाही तिथेच घर मिळते. शेजाऱ्याने फरदड ठेवली तर त्याला चार शब्द समजावून सांगा. माशी बांध ओळखत नाही.

परभणीची देणगी आणि तिचा धडा

काही सभासद म्हणतील, तारीख कशाला, रोग न येणारे बियाणेच आणू. या बाबतीत मराठवाड्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आपल्या शेजारीच घडली आहे.

पूर्वी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुसा सावनी नावाची जात तयार केली. नावातच सावन, म्हणजे श्रावण. हळद्याला ती बरीच दाद देत नसे, म्हणून देशभर पसरली. पण काही वर्षांत तिची ती शक्ती ओसरली आणि तीही पिवळी पडू लागली.

१९७२ साली परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. तिथे डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी बहिणीशी केला. मग पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर करून आणि निवड करून, रानटी झाडातली रोग सोसण्याची ताकद खाण्याच्या भेंडीत आणली. १९८५ च्या सुमारास ही जात परभणी क्रांती या नावाने शेतकऱ्यांच्या हाती आली आणि महाराष्ट्राबाहेरही पोचली. बंगळूरच्या संस्थेनेही रानटी जातीचाच आधार घेऊन अर्का अनामिका आणि अर्का अभय या जाती दिल्या.

परंतु पुढे परभणी क्रांतीवरही अनेक ठिकाणी हळद्या दिसू लागला. यात विद्यापीठाचा दोष नाही. विषाणूही बदलत असतो आणि आपण तीच जात वर्षानुवर्षे, बारमाही, एकाला एक लागून लावतो, तेव्हा त्याला बदलायला भरपूर संधी मिळते. उसात आपण हे पाहिले आहे. जुन्या जाती गेल्या, नव्या आल्या, त्यांच्यावरही काणी आणि गवताळ वाढ आलीच. म्हणून जात चांगली घ्या, आज मिळणाऱ्या सहनशील संकरित वाणांची माहिती कृषी विज्ञान केंद्रात विचारा, पण सगळा भार बियाण्यावर टाकू नका. जात ही ढाल आहे. वार कधी होणार हे ओळखून उभे राहायचे काम तारखेचे.

सुरू उसात भेंडी

उन्हाळी भेंडीला अडचण एकच, ती म्हणजे पाणी. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी उसाला द्यायचे की भेंडीला, असा वाद घरोघरी असतो. त्यावर मार्ग असा, की १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात ज्यांची सुरू लागण आहे त्यांनी भेंडी आंतरपीक म्हणून घ्यावी. ऊस सरीत, भेंडी वरंब्याच्या बगलेला. पाणी एकच, पिके दोन.

सुरुवातीचे तीन महिने ऊस रान झाकत नाही. भेंडीची तोडणी पेरणीनंतर ५० दिवसांच्या आसपास सुरू होते. मोठ्या बांधणीपर्यंत बहुतेक तोडण्या होऊन जातात आणि बांधणीच्या वेळी भेंडी उपटून काढता येते. मात्र भेंडीसाठी वेगळे खत द्यावे, उसाच्या वाट्याचे तिला देऊ नये. आणि ज्या उसात भेंडी आहे त्यात व त्याच्या वाऱ्याच्या बाजूला टू-फोर-डी मारू नये, हे घरातल्या फवारणाऱ्या माणसाला बजावून सांगावे.

जानेवारीत थंडीमुळे उगवण उशिरा होते. बी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत सुकवून टोकल्यास उगवण एकसारखी होते. कडाक्याची थंडी असेल तर आठवडाभर थांबावे.

या हंगामात भुरी येऊ शकते हेही सांगायला हवे. थंड रात्री आणि कोरडी हवा भुरीला मानवते. पानावर पीठ शिंपडल्यासारखे दिसते. पण ती बुरशी आहे, तिच्यावर गंधकाचा इलाज चालतो. मात्र भर उन्हात गंधक मारू नये, पाने करपतात. हळद्याला औषध नाही, भुरीला आहे. तारीख निवडताना आपण ज्याला औषध आहे तो रोग पत्करतो, हा साधा व्यवहार आहे.

खरिपात लावायचीच असेल तर

सणासुदीला भाव असतो, म्हणून काहींना पावसाळी भेंडी सोडवत नाही. त्यांनी एवढे करावे:

जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसावर पेरणी करावी, श्रावणाची वाट पाहू नये. माशी वाढेपर्यंत झाड जितके मोठे होईल तितके बरे.

भेंडीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी देऊन प्लॉटच्या चारी बाजूंनी मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी लावाव्यात. माशी फार उंच उडत नाही, तिला आडोसा होतो.

जुन्या भेंडीशेजारी नवी भेंडी लावू नये. बांधावरची रानभेंडी फुलण्याआधी उपटावी.

पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यात पिवळे झाड दिसले की त्याच दिवशी उपटून पुरावे किंवा जाळावे. 'दोन शेंगा तरी देईल' म्हणून ठेवलेले झाड शंभर झाडे घेऊन जाते.

पिवळे चिकट सापळे लावावेत. ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी सुरुवातीपासून करावी. फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचला पाहिजे.

वहीचे काम

शेवटी आमची एक विनंती आहे. आमचे म्हणणे डोळे झाकून मानू नका, स्वतः मोजून पाहा. एकाच रानात तीन पट्टे करा. पहिला १५ जानेवारीला पेरा, दुसरा १ फेब्रुवारीला, तिसरा १५ फेब्रुवारीला. बियाणे एकच, खत एकच, पाणी एकच. प्रत्येक पट्ट्यात शंभर झाडे सुतळी बांधून वेगळी ठेवा. पेरणीपासून ३०, ४५ आणि ६० दिवसांनी त्यांतली पिवळी झाडे मोजून वहीत लिहा. तोडणीच्या दिवशी पाटीचे वजन आणि मिळालेला भाव लिहा. घरात शाळेत जाणारे लेकरू असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, आनंदाने करील. दोन वर्षांत आपल्या रानाची, आपल्या पाण्याची, आपल्या शिवाराची तारीख आपल्याला सापडेल. ती कोणत्याही पुस्तकातल्या तारखेपेक्षा खरी.

त्या काकूंनी पुढच्या वर्षी संक्रांत झाल्यावर आठव्या दिवशी, सुरू उसाच्या वरंब्यावर भेंडी टोकली. होळीच्या सुमारास पहिली पाटी बाजारात गेली. पिवळी झाडे आलीच नाहीत असे नाही. आली, पण पाडवा होऊन गेल्यावर, तोवर बऱ्याच तोडण्या झाल्या होत्या. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा घराच्या भिंतीवरचे कॅलेंडर त्यांनी दाखवले. ज्या दिवशी पेरणी झाली त्या चौकोनात लेकीने पेन्सिलीने लिहिले होते, 'भेंडी'.

"आता तुमच्या चिटबॉयला सांगा," काकू हसून म्हणाल्या, "म्हनावं आमच्याकडं बी नोंद हाय."